विश्लेषण : मेंदूतील गाठ दहा वर्षांनीही का परतते?

शस्त्रक्रिया झाली, पाच वर्षे उलटली, काही त्रास नाही. मग तपासणीला कशाला जायचे? दहिवलीहून परळच्या टाटा रुग्णालयात लोकलने जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो, मजुरी बुडते ती वेगळीच. त्यामुळे प्रश्न रास्त वाटतो. पण मेंदूच्या गाठीला पाच वर्षांचा हिशेब लागू पडत नाही.

सगळ्या गाठी सारख्याच परततात का?
नाही. ग्लिओब्लास्टोमा ही आक्रमक गाठ बहुधा वर्षभरातच परतते. मेंदूच्या आवरणातील मेनिन्जिओमा बहुतेकदा कर्करोगाची नसते, हळूहळू वाढते. पण १०-१५ वर्षांनीही पुन्हा दिसू शकते. कमी श्रेणीचा ग्लायोमा अनेक वर्षे शांत राहून पुन्हा वाढतो, कधी अधिक आक्रमक होऊन.

गाठ काढली, तरी असे का?
ग्लायोमाच्या पेशी आजूबाजूच्या निरोगी मेंदूत शिरलेल्या असतात. रुग्णाचे बोलणे-चालणे शाबूत ठेवायचे, तर सगळे काढता येत नाही. मेनिन्जिओमा जितका पूर्ण निघेल तितका परतण्याचा धोका कमी, हे डोनाल्ड सिम्पसन यांनी १९५७ मध्येच दाखवले. मात्र पूर्ण काढल्यावरही तो धोका शून्य होत नाही.

तपासणी किती दिवसांनी?
पहिल्या श्रेणीच्या मेनिन्जिओमासाठी युरोपातील तज्ज्ञ पाच वर्षे दरवर्षी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी एमआरआय सुचवतात. ग्लायोमात हे अंतर बरेच कमी असते. ते डॉक्टरच ठरवतात. एमआरआयमधील प्रत्येक नवा डाग म्हणजे गाठ नव्हे. रेडिएशनचा परिणामही तसाच दिसतो. फरक ओळखायला जुन्या एमआरआयशी तुलना करावी लागते. म्हणून जुन्या सीडी आणि बायोप्सीचा अहवाल कधीही टाकून देऊ नका.

तारखेची वाट कधी पाहू नये?
फिट येणे, सकाळी डोके दुखून उलटी होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलताना शब्द न सुचणे, नजर कमी होणे. असे झाले, तर लगेच डॉक्टर गाठा.

व्यवस्थेने काय करावे?
महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. पुढची दहा-पंधरा वर्षे गाडीभाडे आणि बुडालेला रोज घरच्यांनीच सोसायचा. एमआरआय तालुक्याजवळ व्हावा, तो परळ किंवा खारघरच्या तज्ज्ञांनी तिथूनच पाहावा आणि गरज असेल तरच रुग्णाला बोलवावे. गाठ वेळेत सापडली, तर पुन्हा शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनचा मार्ग बऱ्याचदा खुला असतो. भाड्याच्या पैशांपायी तो बंद होऊ नये.