निदानाचा मक्ता

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि येळाकेळीजवळ त्यावर चढून ताशी १२० किलोमीटरच्या विहित मर्यादेपर्यंत मोटार पळविण्याची सोय वर्धेकरांना लाभली; परंतु टर्बो इंजिनाच्या आणि दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सच्या ज्या वेगवान मोटारींना हा रस्ता विशेष मानवतो, त्यांचा गिअरबॉक्स बिघडला की त्यांना टोइंगच्या गाडीवर चढवून बहुधा नागपूरच गाठावे लागते, आणि तेथे पुष्कळदा एकच निकाल कानी पडतो : "अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागेल." हा निकाल कोणत्या तपासणीअंती दिला गेला, याचा लेखी दाखला गिऱ्हाइकाच्या हाती क्वचितच पडतो.

वास्तविक या यंत्राचे निदान ही अत्यंत तर्कशुद्ध प्रक्रिया आहे. सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या प्रचलित रचनेत १, ३, ५ व ७ हे गिअर एका क्लचच्या आणि २, ४, ६ व रिव्हर्स हे दुसऱ्याच्या स्वाधीन असतात. म्हणून ज्या मोटारीचे सम गिअर आणि रिव्हर्स एकाच वेळी नाहीसे झाले, तिच्या बाबतीत संशय प्रथम त्या दुसऱ्या क्लचवर व त्याला दाब पुरविणाऱ्या व्हॉल्व्हवर घ्यावा, सबंध गिअरबॉक्सवर नव्हे. पंप फिरतो पण तेलाचा दाब चढत नाही, आणि स्कॅनर 'पी१७बीएफ' हा संकेतांक दाखवितो, अशा वेळी मेकॅट्रॉनिक या नियंत्रक भागातील दाब साठविणाऱ्या ॲक्युम्युलेटरचे घर तडकले असण्याचा संभव मोठा असतो, आणि कुशल हातांना तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. जागेवरून निघताना गाडी थरथरत असेल तर क्लचची झीज मोजावी. आणि या सर्वांच्या आधी बॅटरीचे व्होल्टेज व अर्थिंगच्या तारा पाहाव्यात, कारण अशक्त बॅटरी संगणकाकडून नसलेले दोषही वदवून घेते. हा क्रम न पाळता लाखांच्या घरातील खर्चाचा अंदाज पुढे करणे याला मी निदान म्हणत नाही.

निर्मात्यालाही आपले यंत्र सर्व हवामानांत कसे वागेल हे आरंभी ठाऊक असतेच असे नाही. २०१३ साली फोक्सवॅगनने याच जातीच्या गिअरबॉक्समधील कृत्रिम तेल काढून खनिज तेल घालण्यासाठी जगभरातील सुमारे १६ लाख मोटारी परत बोलाविल्या, कारण उष्ण व दमट हवेत त्या तेलापायी विद्युतपुरवठ्यात बिघाड संभवत होता. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपलीकडे तापणाऱ्या आणि जूनअखेर ओलीचिंब होणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील कारागिरास असा तपशील वेळेवर कळणे किती अगत्याचे आहे!

तो त्याला कळावा असा हुकूम झालेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र कारागिरांना खुली करावीत, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणास्तव सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असे फर्माविले होते. पुढे अपिले झाली. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व तिच्या कक्षेत मोटारींबरोबर शेतीची अवजारेही घेतली. तथापि या हक्काला स्वतंत्र कायद्याचे बळ अद्याप लाभलेले नाही.

यंत्राच्या देखभालीविषयीचा असा आग्रह आपल्याकडे जुनाच आहे. १९२९ साली खादीचे काम करणाऱ्या चरखा संघाने एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर करून सुधारित चरखा मागविला, तेव्हा तो वीस वर्षे चालावा व त्याच्या देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये, अशी अट घातली होती. चरख्यांचे नमुने जपणारे मगन संग्रहालय ज्या वर्ध्यात आहे, त्या गावाने यंत्र विकणाऱ्याला दुरुस्तीविषयी जाब विचारणे मुळीच अनुचित नाही.

माझी मागणी मर्यादित आहे. गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला देणाऱ्या प्रत्येक वर्कशॉपने संकेतांक, तेलाचा दाब व क्लचची मोजमापे लेखी द्यावीत, ती दिल्यावाचून केलेला अंदाज ग्राहक आयोगापुढे ग्राह्य धरला जाऊ नये, आणि तीच साधने व तीच माहितीपुस्तके वाजवी किमतीत वर्ध्याच्या कारागिरांना व आयटीआयच्या विद्यार्थ्यांना मिळण्याची तजवीज कायद्याने करावी.