सिगारेट, बिडी आणि खर्रा: तंबाखूवरच्या कराचा भार नेमका कोणावर?

वर्ध्यात आर्वी नाक्यावरच्या किंवा हिंगणघाटच्या बाजारातल्या कुठल्याही पानठेल्यावर पाच मिनिटं उभं राहिलं, तर तीन प्रकारची गिऱ्हाइकं दिसतात. एक जण सुटी सिगारेट मागतो. दुसरा बिडीचा कट्टा घेऊन खिशात टाकतो. तिसऱ्याला काही बोलावंही लागत नाही. तो दिसला की ठेलेवाला सुपारी, तंबाखू आणि चुना घेऊन खर्रा घोटायला लागतो.

तिघांच्याही हातात शेवटी तंबाखूच पडतो. पण त्यांच्याकडून सरकार घेत असलेला कर सारखा नाही. १ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेटवरचा कर वाढला आणि त्याच दिवशी बिडीवरचा कमी झाला. तेव्हापासून सिगारेट ओढणाऱ्यांची जुनी तक्रार पुन्हा ऐकू येते: "दर वेळी आमच्याच खिशात हात का?"

ही तक्रार कितपत खरी आहे? तंबाखूवरचा कर अन्यायकारक आहे का? आणि असेल तर नेमका कोणावर?

काय बदललं?

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा सिगारेटवर २८ टक्के जीएसटी आणि त्यावर भरपाई उपकर अशी रचना होती. उपकराचा मोठा भाग 'हजार सिगारेटींमागे इतके रुपये' असा ठरलेला होता. हे आकडे जानेवारी २०२६ पर्यंत, म्हणजे साडेआठ वर्षं, तसेच राहिले. या काळात लोकांचं उत्पन्न वाढलं आणि बाकीच्या वस्तू महागल्या. मधे २०२० आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय आपत्ती शुल्क वाढवलं गेलं, पण एकूण करात त्याचा वाटा लहान होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने दरांची नवी रचना ठरवली. डिसेंबरमध्ये संसदेने केंद्रीय उत्पादन शुल्क कायद्यात दुरुस्ती केली. त्यानुसार आता भरपाई उपकर गेला आहे. सिगारेटवर ४० टक्के जीएसटी आणि त्याशिवाय हजार सिगारेटींमागे २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क लागतं. म्हणजे एका सिगारेटीमागे साधारण २ रुपयांपासून साडेआठ रुपयांपर्यंत. सिगारेट जितकी लांब, तितकं शुल्क जास्त.

बिडीवरचा जीएसटी मात्र २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. बिडी वळायला लागणाऱ्या तेंदूपानावरचा दर त्याआधीच, सप्टेंबर २०२५ मध्ये, १८ वरून ५ टक्के झाला होता.

एक सोपा हिशेब करून पाहू. समजा, ७० ते ७५ मिलिमीटर लांबीची सिगारेट २० रुपयांना मिळते. त्यात सुमारे ५ रुपये ७० पैसे जीएसटीचे आणि ५ रुपये ४० पैसे उत्पादन शुल्काचे. म्हणजे २० पैकी ११ रुपये सरकारचे. आता समजा, बिडीचा कट्टाही २० रुपयांचा आहे. त्यात जीएसटी साधारण ३ रुपये. बिडीवरचं उत्पादन शुल्क नाममात्र आहे.

खर्र्यावर किती कर?

विदर्भाच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगायचं तर खर्रा म्हणजे सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. पन्नीत बांधून मिळतं. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात शेतावरच्या मजुरापासून कार्यालयातल्या बाबूपर्यंत अनेकांच्या खिशात ते असतं.

खर्र्यावरचा कर किती, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. कारण कागदोपत्री खर्रा महाराष्ट्रात विकलाच जात नाही. राज्याने जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. पुढे त्यात सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, मावा आणि खर्राही आला. अन्नसुरक्षा कायद्याखाली हा बंदीचा आदेश दरवर्षी नव्याने काढला जातो.

बंदी असलेल्या वस्तूवर विक्रीच्या वेळी कर लागणार कसा? ठेल्यावर खर्र्याची पावती फाटत नाही. फार तर त्यातल्या कच्च्या मालावर कर भरलेला असतो. सुपारीवर ५ टक्के. पाकीटबंद खाण्याच्या तंबाखूवर आता ४० टक्के जीएसटी आणि त्याशिवाय उत्पादन शुल्क आहे, म्हणजे कागदावर कर जड आहे. पण बंदी असलेला सुगंधित तंबाखू शेजारच्या राज्यांतून चोरट्या मार्गाने येतो, तेव्हा त्याचा हिशेब राज्याच्या दप्तरात येत नाही.

वर्धेकरांना ही गोष्ट नवी नाही. महात्मा गांधींच्या वास्तव्यामुळे या जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. इथे परवान्याचं दारूचं दुकान नाही, म्हणून त्यातून येणारा महसूलही नाही. पण दारू मिळत नाही, असं जिल्ह्यातला कोणी म्हणणार नाही. बंदी कागदावर राहिली की सरकारला कर मिळत नाही आणि माणसाचं व्यसनही सुटत नाही. खर्र्याच्या बाबतीत तेच झालं आहे.

म्हणजे एकाच तंबाखूला सरकार तीन प्रकारे वागवतं. सिगारेटवर जड कर, बिडीला सवलत आणि खर्र्यावर कागदी बंदी.

"आमचा पैसा, आमचा जीव"

सिगारेट ओढणाऱ्यांचा पहिला मुद्दा असतो की आम्ही आमच्या पैशाने ओढतो, नुकसान आमचं होतं, मग सरकारने दंड का करावा?

पण नुकसान एकट्याचं नसतं. ३५ वर्षांवरील लोकांमधल्या तंबाखूजन्य आजारांमुळे २०१७-१८ मध्ये देशाला १ लाख ७७ हजार ३४१ कोटी रुपयांचा भार पडला, असा अंदाज एका अभ्यासात मांडला गेला. हा भार देशाच्या सकल उत्पादनाच्या १ टक्क्याहून थोडा जास्त होता. उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी आणि अकाली मृत्यूंमुळे गेलेली कमाई असं सगळं त्यात येतं. तंबाखूवरच्या उत्पादन शुल्कातून आलेला पैसा या भाराच्या साधारण १२ टक्केच होता.

वर्ध्यात हे आकडे डोळ्यांना दिसतात. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था जिल्ह्यातल्या कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही ठेवते. पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग इथे ठळकपणे दिसतो. अशा रुग्णाचा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला, तर पैसा सरकारी तिजोरीतून जातो. म्हणजे तंबाखू न खाणाऱ्यांच्याही करातून. घरातला कमावता माणूस सहा महिने अंथरुणाला खिळला, तर त्याची मजुरी कोणतीच योजना भरून देत नाही. तो भार बायको आणि मुलं उचलतात.

म्हणून तंबाखूवर कर असणं हा मुळात अन्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान ७५ टक्के असायला हवा. नव्या रचनेच्या आधी भारतात हा वाटा सिगारेटवर सुमारे ५३ टक्के, तर बिडीवर सुमारे २२ टक्के होता.

गरिबावर जास्त भार?

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. सिगारेटीवरचे ५ रुपये ४० पैसे महिन्याला ८० हजार कमावणाऱ्यालाही तेवढेच आणि ८ हजार कमावणाऱ्यालाही तेवढेच. मग कराचा चटका गरिबाला जास्त बसत नाही का?

हा आक्षेप गांधीजींच्या जिल्ह्यात तरी उडवून लावता येत नाही. १९३० मध्ये त्यांनी मिठावरच्या कराविरुद्ध दांडीयात्रा काढली. मीठ गरिबातल्या गरिबालाही लागतं, म्हणून तो कर त्यांना जुलमी वाटत होता. पण मिठाशिवाय माणूस जगू शकत नाही आणि तंबाखू सोडला तर तो जास्त जगतो. मीठ महाग झालं तरी लोक ते तेवढंच खातात. तंबाखूचं तसं नाही. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत किंमत १० टक्क्यांनी वाढली की तंबाखूचा खप साधारण ५ टक्क्यांनी घटतो, असा अनुभव आहे. आणि किंमत वाढल्यावर कमी कमाईचे लोक आणि तरुण जास्त प्रमाणात हात आखडतात. म्हणजे कराचा चटका त्यांना बसतो, तसा आरोग्याचा फायदाही त्यांनाच जास्त मिळतो.

अट एकच, की कर सगळ्या प्रकारच्या तंबाखूवर असावा. सिगारेट महाग आणि बिडी, खर्रा स्वस्त असेल, तर माणूस तंबाखू सोडत नाही. तो फक्त ठेल्यावरची मागणी बदलतो.

खरी गफलत इथे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि चघळण्याचा किंवा तसा बिनधुराचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे सहा पटींहून जास्त. देशभरात सिगारेट ओढणारे प्रौढ सुमारे ४ टक्के होते, तर बिडी ओढणारे साडेसात टक्क्यांहून जास्त. ज्या वस्तूवर सर्वात जड कर, ती वापरणारे सर्वात कमी. ज्यांच्यापर्यंत हा कर नीट पोचत नाही, ते बहुतांशी मजूर, लहान शेतकरी आणि खेड्यातले लोक.

वरवर पाहता ही त्यांना दिलेली सूट वाटते. प्रत्यक्षात त्यांचं व्यसन स्वस्त ठेवलं जातं. बिडीला साधी समजायचं कारण नाही. तेंदूपानातून हवा कमी खेळते, म्हणून ती पेटती ठेवायला वारंवार ओढावी लागते आणि धूर सिगारेटीपेक्षा सौम्य नसतो.

मग बिडीला सवलत का?

कारण रोजगार. देशात बिडी कामगार म्हणून सुमारे ५० लाख लोकांची नोंद आहे. त्यात बहुसंख्य बाया आहेत. महाराष्ट्रात सोलापूर, संगमनेर, सिन्नर आणि इकडे भंडारा-गोंदिया भागात या धंद्यावर पिढ्या जगल्या. तेंदूपान गोळा करणाऱ्यांचं उन्हाळ्यातलं उत्पन्नही त्यावर असतं.

चिंता खरी आहे. पण करात सूट दिली म्हणून बिडी वळणाऱ्या बाईची मजुरी आपोआप वाढत नाही. तिला हजार बिड्यांमागे ठरलेला दर मिळतो. उलट, बिडीवरच्या ज्या उपकरातून कामगारांचे दवाखाने, घरं आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत, तो कल्याण उपकर २०१७ मध्ये जीएसटी येताना रद्द झाला. कामगारांच्या नावाने सवलत द्यायची आणि त्यांच्यासाठीचा निधी बंद करायचा, हा हिशेब जुळत नाही.

गोळा झालेला पैसा जातो कुठे?

सिगारेट ओढणारा भरतो तो कर त्याच्या उपचारासाठी किंवा व्यसन सोडवण्यासाठी वापरला जातो, असा अनेकांचा समज आहे. तसं बंधन कुठेही नाही.

भरपाई उपकर मुळात जीएसटीमुळे राज्यांचा बुडालेला महसूल भरून देण्यासाठी होता. कोरोनाच्या काळात केंद्राने राज्यांसाठी दोन वर्षांत मिळून सुमारे २ लाख ६९ हजार कोटींचं कर्ज काढलं आणि ते फेडण्यासाठी उपकराची मुदत वाढवली. म्हणजे जुलै २०२२ नंतर सिगारेटवरचा उपकर त्या कर्जाच्या फेडीत जात होता. नवं उत्पादन शुल्क राज्यांशी वाटून घेतलं जाणार आहे. केंद्राच्या वाटपयोग्य करांपैकी ४१ टक्के वाटा राज्यांना मिळतो. पण राज्याने तो आरोग्यावरच खर्चावा, असं नाही.

ओढणाऱ्याच्या तक्रारीतला हा भाग रास्त आहे. 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून कर घ्यायचा, तर सोडायची इच्छा असलेल्याला हातही द्यायला हवा. १८०० ११ २३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क मदतवाहिनी आहे आणि जिल्हा रुग्णालयांत समुपदेशनाची सोय केलेली असते. पण आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूरच्या खेड्यातल्या माणसाने त्यासाठी मजुरी बुडवून वर्ध्याला यावं, ही अपेक्षा अवघड आहे.

न्याय्य कर कसा असेल?

तीन गोष्टी तपासता येतील. एक, समान नुकसानाला समान वागणूक आहे का? बिडी आणि सिगारेटमधली दरी कमी केल्याशिवाय ती होणार नाही. दोन, कर दरवर्षी महागाई आणि उत्पन्नाबरोबर वाढतो का? साडेआठ वर्षं थांबायचं आणि मग एकदम वाढवायचं, यात ना आरोग्य साधतं ना गिऱ्हाइकाची तयारी होते. तीन, आलेल्या पैशाचा ठरावीक भाग व्यसनमुक्ती, तोंडाची तपासणी आणि बिडी कामगारांच्या पर्यायी रोजगारावर खर्च होतो का?

खर्र्याचा प्रश्न मात्र कराने सुटणार नाही. तिथे बंदी खरोखर राबवावी लागेल. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' या उपक्रमात गावांच्या सहभागातून दारू आणि तंबाखू दोन्ही कमी करण्याचा प्रयत्न सुरू आहे. सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवरही राज्यात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी ठेल्यावर सुटीच मागितली जाते. सुटी विकली की पाकिटावरचा इशारा दिसत नाही आणि करवाढ दोन-तीन रुपयांत विरघळून जाते.

आर्वी नाक्यावरच्या त्या तिघांपैकी सिगारेटवाला कराबद्दल बोलतो, कारण त्याला तो दिसतो. बिडीवाला आणि खर्रावाला तक्रार करत नाहीत. पण पुढे सेवाग्रामच्या दवाखान्यात रांगेत उभं राहण्याची वेळ आली, तर ती या दोघांवरही तितकीच येऊ शकते. करवाढीच्या चर्चेत त्यांचं नाव क्वचितच येतं, आणि या धोरणातला खरा अन्याय त्यांच्याच वाट्याला आला आहे.