फुगा फुटला तर?



गेल्या महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गात हजेरी घेत होते. चार दिवस गैरहजर असलेला एक मुलगा उभा राहिला. मी विचारलं, "का रे, कुठं होतास इतके दिवस?" तो म्हणाला, "बाई, आमच्या आजोबांच्या काळजात डॉक्टरांनी फुगा फुगवला!"

झालं! सगळा वर्ग खो खो हसला. तो बिचारा लालबुंद होऊन खाली बसला. मधल्या सुट्टीत मात्र डबा न उघडताच माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "बाई, तो फुगा आत फुटला तर?"

त्याला वाटत होतं, फुगा अजून आजोबांच्या छातीतच आहे. म्हणून दवाखान्यातून आल्यापासून तो त्यांच्या मांडीवर बसला नव्हता. घरात मोठ्यानं बोलतही नव्हता. आजोबा हसू लागले, की याच्या पोटात गोळा यायचा.

खरं सांगू? नीट उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. "उद्या सांगते," म्हणाले आणि घरी जाऊन पुस्तकं काढली, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. जे समजलं ते त्याला सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगते.

आपलं हृदय साधारण आपल्या मुठीएवढं. दिवसाला सुमारे एक लाख वेळा ते धडधडतं आणि सगळ्या शरीराला रक्त पुरवतं. पण त्याला स्वतःलाही रक्त लागतंच की! ते आणणाऱ्या रक्तवाहिन्या हृदयाच्या अंगावरूनच जातात. मोठ्या माणसातसुद्धा त्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद, सरबत प्यायच्या नळीपेक्षाही बारीक. बोअरच्या पाइपात जसा क्षार साचतो, तसा या वाहिन्यांच्या आतल्या बाजूला चरबीचा थर साचतो. वाट अरुंद झाली, की चालताना छातीत दुखतं. वाट अचानक बंद झाली, की हृदयविकाराचा झटका येतो.

पूर्वी यावर मोठी शस्त्रक्रिया हाच उपाय होता. छाती उघडायची आणि अडलेल्या जागेला वळसा घालणारी नवी वाट जोडायची. आजही काही रुग्णांना तीच करावी लागते. पण छाती न उघडता आतूनच वाट मोकळी करता येईल का? १९६४ साली अमेरिकेत चार्ल्स डॉटर या डॉक्टरांनी एका ८२ वर्षांच्या आजींच्या पायातली अडलेली रक्तवाहिनी आतून नळ्या सरकवून उघडली आणि त्यांचा पाय वाचवला. पाय कापून घ्यायला त्या आजींनी साफ नकार दिला होता!

आता आपल्या गोष्टीचे नायक येतात. त्यांचं नाव अँड्रियास ग्रुंट्झिग. जन्म १९३९ चा, जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातला. डॉक्टर झाल्यावर ते स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या रुग्णालयात काम करू लागले. डॉटर यांची पद्धत ते शिकले आणि त्यांच्या मनात आलं, नळीच्या टोकाला इवलासा फुगा बसवला तर? नळी बारीकच राहील आणि हव्या त्या जागी पोहोचल्यावर फुगा फुगवता येईल.

कल्पना सोपी वाटते ना? मग घरी एक प्रयोग करून पाहा. एक लांबट फुगा घ्या, त्याच्या मधोमध दोरा बांधा आणि फुंका. काय होतं? दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना फुगा टम्म फुगतो, दोऱ्यापाशी मात्र तसाच राहतो. रक्तवाहिनीतही हेच झालं असतं. अडथळा राहिला असता जागच्या जागी आणि शेजारची निरोगी भिंत ताणून फाटली असती.

म्हणजे रबर उपयोगाचं नव्हतं. हवा होता ठरलेल्या मापापर्यंतच फुगणारा आणि त्यापुढे कितीही जोर लावला तरी न वाढणारा फुगा. बाजारात असा फुगा मिळत नव्हता. मग ग्रुंट्झिग यांनी तो स्वतः बनवायचं ठरवलं. कुठे, माहीत आहे? चक्क स्वयंपाकघरात! दिवसा रुग्णालयातलं काम आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नळ्या, धारदार पाती, दोरा आणि डिंकासारखं चिकट रसायन. मदतीला पत्नी मिखाएला आणि रुग्णालयातल्या सहकारी मारिया श्लुम्फ. एका निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापकांनी त्यांना पीव्हीसी वापरायला सुचवलं. कितीतरी फुगे बिघडले, पण शेवटी हवा तसा जमला. १९७४ मध्ये तो प्रथम पायाच्या रक्तवाहिनीत वापरला. पुढे आणखी बारीक फुगे करून कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग झाले. ते पाहूनही अनेक डॉक्टरांचा विश्वास बसेना.

आणि आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर. त्या फुग्यात हवा नसतेच मुळी! त्यात द्रव भरतात. चुकून फुगा फुटलाच, तर हवेचा बुडबुडा रक्तात शिरून घात होऊ शकतो. म्हणून क्ष-किरणांत दिसणारं औषध पाण्यासारख्या द्रवात मिसळून भरतात. त्यामुळे पडद्यावर फुगा दिसतोही. म्हणजे 'फुगा फुटला तर?' हा प्रश्न डॉक्टरांनी आधीच स्वतःला विचारून ठेवला होता.

१६ सप्टेंबर १९७७ हा दिवस उजाडला. झुरिकमध्ये ३८ वर्षांचा एक रुग्ण टेबलावर पडून होता, पूर्ण जागा. फक्त मांडीच्या सांध्याजवळची जागा बधिर केलेली. काही बिघडलंच, तर लगेच छाती उघडता यावी म्हणून शस्त्रक्रियेचे डॉक्टर तयारीत होते. ग्रुंट्झिग यांनी नळी हृदयापर्यंत नेली, अरुंद जागी फुगा दोनदा फुगवला आणि काढून घेतला. वाट मोकळी झाली! माणसाच्या हृदयावर फुग्यानं केलेली ही पहिली अँजिओप्लास्टी.

मला त्यांचं पुढचं वागणं जास्त आवडलं. १९७९ साली त्यांनी पहिल्या ५० रुग्णांचा हिशेब छापला. त्यातल्या ३२ जणांच्या बाबतीत यश आलं होतं. उरलेल्या १८ जणांच्या बाबतीत ते आलं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. इतर डॉक्टरांना शिकवताना ते प्रत्यक्ष उपचार पडद्यावर दाखवायचे. चूक झाली तर सगळ्यांना दिसणार, हे माहीत असूनही! आपण कधी कधी लाल शेरा मिळालेलं पान आईबाबांपासून लपवतो, नाही का?

१९८५ मध्ये विमान अपघातात ग्रुंट्झिग वारले. वय अवघं ४६. दोन वर्षांनी, १९८७ साली, त्यांच्या त्या पहिल्या रुग्णाची पुन्हा तपासणी झाली. दहा वर्षांपूर्वी उघडलेली वाट अजून मोकळीच होती.

१९८६ पासून आणखी एक सोय झाली, ती म्हणजे स्टेंट. ही धातूची चिमुकली जाळी. फुगा बाहेर काढल्यावर ती आत राहते आणि वाट उघडी धरून ठेवते. भारतातली पहिली अँजिओप्लास्टीही १९८६ मध्येच झाली, डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलरिकल यांच्या हातून. आता पुष्कळदा मनगटातूनच नळी घालतात.

तुम्हाला असं डॉक्टर व्हायचंय? मग तयारी हवी हं! बारावीनंतर नीटची परीक्षा, साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी आणि पुढे तीन वर्षं हृदयरोगाचं डीएम. तेही दर टप्प्याला प्रवेश परीक्षा देऊन. त्यानंतरही क्ष-किरणांपासून बचाव म्हणून अंगावर शिशाचा जड एप्रन चढवून तासन् तास उभं राहायचं. रात्री दोनला फोन आला तरी निघायचं. सोबत परिचारिका आणि तंत्रज्ञही तितकेच जागे हवेत.

एक गोष्ट मात्र आजच लक्षात ठेवा. घरात कुणा मोठ्या माणसाच्या छातीत दाबल्यासारखं दुखू लागलं, दरदरून घाम आला, धाप लागली, तर "पित्त झालं असेल" म्हणत थांबू देऊ नका. लगेच मोठ्यांना सांगा, १०८ ला फोन करा. झटक्यात एकेक मिनिट मोलाचं असतं.

आमच्या त्या विद्यार्थ्याला मी सांगितलं, "फुगा केव्हाच बाहेर आला रे. आत फक्त जाळी आहे, ती फुटत नाही. पण आजोबांची गोळी एकही दिवस चुकता कामा नये. आठवण करणं तुझं काम." दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या आल्या तो म्हणाला, "बाई, सकाळची गोळी दिली. आणि मांडीवर पण बसलो!"

या वेळी वर्ग हसला नाही. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "बाई, ती जाळी गंजली तर?"

म्हटलं, शाब्बास! अशाच प्रश्नांतून डॉक्टर घडतात. उत्तर शोधा आणि मला पत्रानं कळवा.

तुमच्या बाई