ओळी कमी, वाचन जास्त

पायथन या भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी २००५ मध्ये आपल्याच भाषेतल्या एका सोयीवर बोट ठेवले. ती सोय म्हणजे ‘रिड्यूस’ हे फंक्शन. यादीतल्या गोष्टी एकामागून एक हिशेबात घेत शेवटी एकच उत्तर हाती देणारे. लिहिणाऱ्याची लूप टळते, वाचणाऱ्याचे काय? आत जरा गुंतागुंतीचे काही असले, तर नेमके काय चालले आहे हे कळायला कागद-पेन घ्यावे लागते, असे खुद्द गिडोंचे म्हणणे होते. २००८ साली आलेल्या पायथन ३ मध्ये रिड्यूसची रवानगी ‘फंकटूल्स’ या मॉड्यूलमध्ये झाली.

त्यांचा मदतनीस फंक्शनांवरच राग होता असे नाही. बेरजेचे ‘सम’ आधीच आले होते, २००६ मध्ये ‘एनी’ आणि ‘ऑल’ आली. ही नावे वाचली की आत डोकावावे लागत नाही. ओळी किती वाचवल्या, हा हिशेब त्यापुढे दुय्यम.

कंपन्यांच्या कोडमध्ये मात्र बहुधा तोच हिशेब चालतो. ‘यूटिल्स’ नावाची फाइल हा प्रोजेक्टचा माळा. जे कुठेच मावत नाही ते तिथे. तारीख छापणारे एक साधे फंक्शन तिथे येते. मग कुणाला वेळही हवी असते, कुणाला महिन्याचे नाव, आणि दर मागणीला एक ट्रू-फॉल्स चिकटतो. शेवटी ‘फॉरमॅटडेट’पुढच्या कंसात ट्रू, फॉल्स, ट्रू अशी रांग लागते. त्यातला दुसरा ट्रू कशाचा, हे सहा महिन्यांनी लिहिणाराही फाइल उघडल्याशिवाय सांगू शकत नाही.

उलटे टोकही बरे नव्हे. गूगलच्या गो भाषेत दोन पूर्णांकांतला लहान निवडायला तयार फंक्शन नव्हते. ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ भाषेतच मिळाली ती २०२३ मध्ये. तोवर जो तो आपापला ‘इफ’ लिहीत बसला. एक ‘इफ’ सोपा असतो. तोच वीस ठिकाणी असला की चिन्ह कुठे उलटे तर पडले नाही ना, हे वीसदा पाहावे लागते. तयार फंक्शन न देण्याचा हट्ट नडलाच.

या दोन टोकांमधला मार्ग असा. भारतात रक्कम १२,३४,५६७ अशी दाखवायची असते. जावास्क्रिप्टमध्ये ‘टूलोकेलस्ट्रिंग’ला ‘एन-आयएन’ एवढे सांगितले की लाख-कोटींचे स्वल्पविराम आपोआप पडतात. तरीही त्यावर ‘रुपयांतदाखवा’ अशा नावाचे एका ओळीचे फंक्शन चढवावे. त्याने एकही ओळ कमी होत नाही, पण बिलाचे कोड वाचणारा ‘एन-आयएन’पाशी अडखळत नाही आणि रुपयांपुढचे पैसे छापायचे की नाही, हे ठरवण्याची जागा एकच राहते.