एफएमजीई : दोनदा नापास झालो, त्यातून जे कळलं ते

परीक्षेचा निकाल लागला की दर सहा महिन्यांनी माझ्या इनबॉक्समध्ये तेच प्रश्न येतात. "दादा, कुठला क्लास लावू?", "किती तास अभ्यास केलात?", "तिसऱ्यांदा राहिलं, आता सोडून देऊ का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात कुणी परदेशात एमबीबीएस करतंय किंवा जायच्या तयारीत आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्याला भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर एफएमजीई पास व्हावं लागतं. वर्षातून दोनदा परीक्षा होते. एकाच दिवशी दीडशे-दीडशे प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येकी अडीच तास. ३०० पैकी १५० मिळाले की पास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ऐकायला सोपं वाटतं ना? पण गेल्या काही वर्षांत कधी दहात एकच जण पास झालाय, तर कधी दहात तीन.

मी रशियात शिकलो. पहिल्या प्रयत्नात १४३ गुण मिळाले, दुसऱ्यात १३९. हो, दुसऱ्यांदा कमी पडले. आणि दुसऱ्या वेळी मी जास्त अभ्यास केला होता!

तिथेच माझे डोळे उघडले. दोन्ही वेळा मी दिवसाला दहा-अकरा तास व्हिडिओ लेक्चर बघायचो आणि रंगीत पेनांनी सुंदर नोट्स काढायचो. रात्री झोपताना समाधान असायचं, की आज इतका अभ्यास झाला. पण प्रश्न सोडवायला कधी बसायचो, तर "सिलॅबस संपल्यावर". सिलॅबस काही संपत नाही आणि परीक्षा काही थांबत नाही. पहिल्या प्रयत्नात दुसऱ्या भागातले अकरा प्रश्न वेळ संपली म्हणून रिकामे राहिले. निगेटिव्ह मार्किंग नसलेल्या परीक्षेत अकरा प्रश्न कोरे सोडून आलो आणि सात गुणांनी गेलो. सरासरी एका प्रश्नाला एक मिनिट मिळतं, हे मला माहीत होतं. हाताला त्याची सवय नव्हती.

तिसऱ्या वेळी पद्धत उलटी केली. सकाळी आधी पन्नास प्रश्न घड्याळ लावून सोडवायचे, मग चुकलेल्या विषयाचं वाचन. एक साधी शंभर पानी वही केली. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहायचं : येतच नव्हतं, दोन पर्यायांत गोंधळलो, की प्रश्नच नीट वाचला नाही. महिन्याभराने वही चाळली तर दिसलं की जवळजवळ एक तृतीयांश चुका तिसऱ्या प्रकारच्या होत्या. "यापैकी कोणते नाही" मधलं "नाही" मी वाचतच नव्हतो. त्याला कुठल्या क्लासचं औषध नाही.

दुसरी चूक विषयांची. ३०० पैकी २०० गुण क्लिनिकल विषयांचे असतात. त्यातले मेडिसिनला ३३, सर्जरीला ३२, स्त्रीरोग-प्रसूतीला ३० आणि कम्युनिटी मेडिसिनलाही ३०. हा शेवटचा विषय आम्ही सगळे "शेवटच्या आठवड्यात पाठ करू" म्हणून बाजूला ठेवायचो. पण त्यात काय असतं? आपल्याकडचं लसीकरणाचं वेळापत्रक, क्षयरोगाचा कार्यक्रम, आशाताईंचं काम, प्राथमिक आरोग्य केंद्र किती लोकसंख्येमागे असावं. रशियातल्या प्राध्यापकांनी हे मला का शिकवावं? त्यांचा देश वेगळा, त्यांचे आजार वेगळे. म्हणजे ३० गुणांचा जो विषय सहा वर्षांत कधीच नीट शिकवला गेला नव्हता, तोच मी एका आठवड्यावर टाकला होता.

तिसऱ्या प्रयत्नाच्या आधी आमच्या तालुक्यातल्या एका डॉक्टरकाकांना विचारलं, "रोज दोन तास तुमच्या दवाखान्यात मागे बसू का? हात लावणार नाही, नुसतं बघेन." ते हो म्हणाले. त्या चार महिन्यांत मी जे शिकलो ते व्हिडिओत नव्हतं. रशियात वॉर्डात पेशंट रशियन बोलायचे आणि आमचं रशियन कामचलाऊ. पेशंटची हकीकत नीट ऐकायची कशी, हे मी पहिल्यांदा त्या दवाखान्यात, मराठीत शिकलो. "पोटात कालवतंय", "अंगात कणकण आहे", "हातापायाला मुंग्या येतात" यातून काकांच्या डोक्यात आजारांची यादी कशी तयार होते, ते दिसायला लागलं. मग पेपरातले मोठमोठे क्लिनिकल प्रश्न माणसांसारखे वाटू लागले. तिसऱ्यांदा १७४ मिळाले.

आता मूळ मुद्दा. परीक्षाच अन्यायकारक आहे, पासिंग कमी करा, अशी मागणी दरवेळी होते. दोनदा नापास झालेला माणूस म्हणून सांगतो, मला ती पटत नाही.

इंटर्नशिपमध्ये एका पहाटे एक शेतमजूर आला. पोटात दुखतंय म्हणत होता. सोबतच्यांना वाटलं ॲसिडिटी. जखम नाही, सूज नाही. पण पापण्या जड झालेल्या आणि रात्री तो जमिनीवर झोपला होता. मण्यार चावल्याचं असंच असतं. झोपेत चावते, खूण बऱ्याचदा दिसतही नाही आणि काही तासांत श्वास बंद पडू शकतो. सिनियरला लगेच उठवलं, सर्पदंशाची लस सुरू झाली, रुग्ण वाचला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे मला सहा वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. ते मी या परीक्षेसाठी शिकलो. १३९ गुणांवर मला पास केलं असतं तर त्या पहाटे मी ॲसिडिटीची गोळी दिली असती का? मला खात्रीने नाही म्हणता येत नाही.

हां, तक्रारीत तथ्य आहे तेही मान्य करू. इथे शिकलेल्यांना ही परीक्षा नाही, आम्हालाच का? प्रश्न रास्त आहे. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात सगळ्यांसाठी एकच 'नेक्स्ट' परीक्षा आहे, ती लांबत राहिली. ती यावी, सगळ्यांनाच एका मापाने मोजावं. पण माप लहान करू नये.

खरा अन्याय त्याच्या कितीतरी आधी होतो, ॲडमिशनच्या दिवशी. एजंट हॉस्टेलचे फोटो दाखवतो, भारतीय मेसचा मेनू दाखवतो, पण पुढच्या परीक्षेबद्दल "ती सगळे पास होतात हो" एवढंच बोलतो. माझ्या वडिलांनी त्या एका वाक्यावर दीड एकर विकलं. म्हणून पालकांना हात जोडून सांगतो, पैसे भरण्याआधी एवढं करा. परीक्षा मंडळ विद्यापीठनिहाय निकालाचे अहवाल वेळोवेळी जाहीर करत आलंय, ते शोधून वाचा. २०२१च्या नियमांप्रमाणे कोर्स किमान ५४ महिन्यांचा, शिक्षण इंग्रजीतून, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि त्या देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळण्याची पात्रता, हे सगळं लागतं. एजंटकडून ते लेखी घ्या. आणि खर्चाचा हिशोब सहा वर्षांचा करू नका. परतल्यावर तयारीचं निदान एक वर्ष आणि इथली इंटर्नशिप धरून आठ वर्षांचा करा.

सरकारकडे एकच मागणी आहे. परत आलेल्या मुलांना जिल्हा रुग्णालयात निरीक्षक म्हणून बसू द्या. पगार नको, उपचाराचा अधिकार नको, फक्त बघू द्या. मला ओळखीमुळे एक दवाखाना मिळाला. ओळख नसलेल्याने कुठे जायचं? तो पुण्याच्या किंवा दिल्लीच्या खोलीत एकटा स्क्रीनसमोर बसतो.

आणि जे आत्ता नापास झालेत त्यांना. दोन वर्षं माझ्या आईने लग्नाकार्यात "इंटर्नशिप चालू आहे" असं सांगितलं. ते खोटं तिच्यावर मी लादलं होतं. तिसऱ्या वेळी मीच सगळ्यांना सांगून टाकलं, नापास झालोय, पुन्हा देतोय. चार दिवस लोक बोलले. पाचव्या दिवसापासून मला रात्री झोप लागायला लागली. आजच घरी खरं सांगा, उद्या सकाळी पन्नास प्रश्न सोडवा. वही कशी करायची ते विचारायचं असेल तर इनबॉक्स करा, मी उत्तर देतो.