ढाळे खा, पण कच्चे सोयाबीन नको

कच्चे खाणे आपल्याला बाहेरून कोणी शिकवावे असे नाही. मार्गशीर्ष लागला की औसा-निलंग्याच्या काळ्या रानात हरभऱ्याचे ढाळे उपटून बांधावरच सोलून खाणारी आपण माणसे. तुरीच्या ओल्या शेंगा, पाथरीचा पाला, मुळा, भाकरीसंगे बुक्कीने फोडलेला कांदा, हे सगळे कच्चेच. पण येळवसीला कोपीपुढे जेवायला बसलो की पानात काय पडते? भज्जी! तोच ओला हरभरा, तीच तूर, पण शिजवून. वर आंबील. बांधावरचे कच्चे हे तोंडी लावणे; पोट भरायचे ते शिजलेल्यावरच.

आता मात्र चुलीवर काही चढवायचेच नाही, असे सांगणारे मोबाइलमधून घरोघरी पोचले आहेत. सकाळी मोडाची कडधान्ये, दुपारी काकडी-गाजर, रात्री फळे. यात अजिबात तथ्य नाही असे नव्हे. कोशिंबीर, फळे वाढली की कोठा साफ होतो आणि शिजवताना नासणारे क जीवनसत्त्व पदरात पडते. पण तेवढ्या भरवशावर कोणी साखरेची गोळी बंद करीत असेल, तर त्याने आधी डॉक्टरला विचारावे.

गाय कडबा पचवते, कारण तिच्या पोटाला चार कप्पे आहेत आणि ती रवंथ करते. आपल्याला ती सोय नाही. धान्यातला पिठूळ भाग शिजून फुगला की आतड्याला तो फोडता येतो. कच्चा असला तर बराचसा तसाच मोठ्या आतड्यात उतरतो. तिथे जंतू त्याला आंबवतात, मग पोट डब्ब होते, वारा धरतो. भाकरी-वरणावर वाढलेल्या माणसाने सोमवारपासून एकदम वाटीवाटी कच्चे मूग-मटकी सुरू केली तर गुरुवारी तो दवाखान्यात दिसला तर नवल नको. म्हाताऱ्या माणसांनी आणि लहान लेकरांनी तर या वाटेला जाऊच नये.

खुद्द गांधीजींनी हा प्रयोग दोनदा केला. १८९३ साली प्रिटोरियात काही दिवस, आणि पुन्हा १९२९ साली आश्रमातल्या सोबत्यांना घेऊन. मोडाचे गहू, मोडाचा हरभरा, खोबरे, मनुका असा आहार होता. अखेर त्यांना आव पडली आणि प्रयोग थांबवावा लागला. एवढा निग्रही माणूस, पण आतड्यापुढे निग्रह चालत नाही.

शिवाय पाण्याचे काय? कच्चा पाला खायचा तर तो भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा लागतो. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे उन्हाळ्यात टँकरच्या दोन घागरींत कोथिंबीर किती धुणार? नाल्याच्या पाण्यावर वाढलेल्या भाजीतून जंतांची अंडी सरळ पोटात जातात. शिजवले की ती मरतात.

पण सगळ्यात मोठी काळजी सोयाबीनची. आपला जिल्हा सोयाबीनचा, घरात पोत्यांची थप्पी, आणि प्रथिने भरपूर हे सगळ्यांनी ऐकलेले. म्हणून मुगासारखे भिजवून, मोड आणून ते कच्चेच खाणारे निघाले आहेत. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचवणाऱ्या रसालाच अडवणारा घटक असतो. म्हणजे प्रथिनांसाठी खायचे आणि प्रथिनेच पचू द्यायची नाहीत! नुसत्या भिजवण्याने किंवा मोडाने तो पुरता जात नाही, त्याला उष्णताच लागते. कोंबडीखाद्यात जाणारी सोयापेंडसुद्धा कारखान्यात वाफेवर शेकून येते. रब्बीत आता आपल्याकडे राजमाही होतो. त्याचे तर मूठभर कच्चे दाणे पोटात गेले तरी वांत्या सुरू होतात.

सोयाबीन घरात खायचेच असेल तर ते निवडून उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे ठेवावे, पाणी ओतून द्यावे, दाणे उन्हात कडक वाळवावेत आणि नऊ किलो गव्हाला एक किलो या हिशेबाने गिरणीत द्यावेत.