डाळमिल किती महिने चालते?

मराठवाड्यात व विदर्भात तूर, हरभरा, मूग व उडीद ही पिके मोठ्या क्षेत्रावर होतात. परंतु त्यांतील बरेचसे धान्य जसेच्या तसे गावाबाहेर जाते. डाळ करण्याची मजुरी बाहेर, चुनीसारखे जनावरांचे खाद्यही बाहेर, आणि तीच डाळ पुढे त्याच शेतकऱ्याच्या घरी दुकानातून विकत येते! दसऱ्याच्या सुमारास बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात, ही गोष्ट या व्यवहारापासून निराळी समजणे बरोबर नव्हे.

गावातील लहान डाळमिल हा यावरील एक उपाय होय. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्यासाठी मिनी डाळमिल तयार केलेली आहे. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, परंतु १० लाख रुपयांच्या मर्यादेत, अनुदान ठेवण्यात आले. तेव्हा केवळ यंत्राअभावी उद्योग अडतो असे म्हणता येत नाही.

खरी अडचण हंगामाची आहे. मिल केवळ तुरीवर चालवावयाची ठरविल्यास काम जानेवारीनंतर निघते. त्या वेळी मजूर फडावर असतो. तो परत येतो तेव्हा पावसाळा तोंडावर आलेला असतो आणि उन्हातील वाळवण बंद पडते. याउलट मूग व उडीद निघताच त्यांची खरेदी करून ठेवली, तर आश्विनाच्या उन्हात मिल सुरू करता येते व पुढे तूर आणि हरभरा यांवर ती चालू राहते. अर्थात मुकादमाची उचल एकरकमी हाती पडते, रोजची मजुरी तशी पडत नाही. सबब उचल घेतली जाण्यापूर्वीच गावातील काम नक्की झालेले असले पाहिजे.

यासाठी यंत्रापेक्षा खेळत्या भांडवलाची निकड अधिक असते. धान्य हंगामात रोखीने घ्यावे लागते, डाळ मात्र सावकाश खपते. त्यातच मोठा खरेदीदार पैसे थकवितो. २००६ च्या कायद्यान्वये सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत देणे बंधनकारक आहे व विलंबास चक्रवाढ व्याज आहे. परंतु उद्यम नोंदणीच केलेली नसेल, तर हे हक्क मागण्यास आधार राहत नाही.

अहवालात ‘रोजगार : ५’ असा आकडा भरला जातो. पाच माणसांना ६० दिवस काम म्हणजे ३०० मनुष्यदिवस. म्हणजे जेमतेम एका माणसाचे वर्षभराचे काम. गावपातळीवरील कार्यकर्त्याने अर्ज पुढे पाठविण्यापूर्वी अर्जदाराबरोबर बसून कोणत्या महिन्यात कोणते धान्य, किती पोती व कोणाच्या पैशाने घ्यावयाचे, हे कागदावर मांडून घ्यावे. ज्या महिन्यांपुढील जागा कोरी राहील, त्या महिन्यांत मिलला कुलूप असेल.